ध्वनिमुद्रित वाणी, रॉक संगीत आणि अदिन्नादानाचा प्रश्न

बुद्धवचन प्रथम कानांनी जपले गेले, अक्षरांनी नंतर. राजगृहाच्या पहिल्या संगीतीपासून सिंहलद्वीपात वट्टगामणी अभय राजाच्या काळी, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, तिपिटक ग्रंथारूढ होईपर्यंत ते भाणकांच्या मुखातच राहिले. दीघभाणक, मज्झिमभाणक अशी या भाणकांची नावे आपल्या परिचयाची आहेत. 'संगीती' या शब्दाचा मूळ अर्थच मुळी एकत्र येऊन म्हणणे असा आहे. या मौखिक परंपरेने दोन गोष्टींची विशेष दक्षता घेतली. वचन कोणी, कोठे व कोणत्या प्रसंगी उच्चारले हे सांगणारे निदान तिने सुत्तांच्या आरंभी ठेवले. आणि वचनाचा तुकडा मध्येच तोडून त्याला भलता अर्थ चिकटविला जाऊ नये म्हणून सामूहिक पठणाची कसोटी लावली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानवी वाणीच्या इतिहासात एक नवी घटना घडली. ध्वनिमुद्रणामुळे वाणी बोलणाऱ्यापासून वेगळी झाली. पुढे त्या मुद्रित वाणीचा लहानसा तुकडा कापून, तो दुसऱ्याच्या संगीतात बसविण्याची कला निर्माण झाली. पाश्चात्त्य रॉक संगीतात तिला 'व्होकल सॅम्पल' म्हणतात. प्रस्तुत लेखात आम्ही त्यासाठी 'वाणीखंड' हा शब्द योजीत आहोत.

पालीच्या अभ्यासकाने रॉक संगीताच्या वाटेला का जावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे, की या संगीतात ज्यांची वाणी कापून वापरली गेली त्यांत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा वाटा फार मोठा आहे. त्यांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉय यांना पत्र लिहून निग्रोंच्या व अस्पृश्यांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले होते. आणि १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच तिकडच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले. दुसरे कारण असे, की स्वर आणि अर्थ यांच्या संबंधाचा विचार विनयपिटकात स्पष्टपणे केलेला आहे आणि तो या विषयाला थेट लागू पडतो. तिसरे कारण आपल्या घरचेच आहे. त्याचा विचार लेखाच्या अखेरीस करू.

फितीपासून यंत्रापर्यंत

१९४८ साली पॅरिस येथे पिएर शेफर या अभियंत्याने आगगाडीचे व इतर आवाज मुद्रित करून त्यांच्यापासूनच संगीत रचण्याचा प्रयोग केला. त्यानंतर चुंबकीय फीत सर्वत्र प्रचारात आली. फीत कात्रीने कापता येते, उलटी फिरविता येते, टोकाला टोक चिकटवून तिचे कडे करता येते. रॉक संगीतकारांनी हे तंत्र लवकरच उचलले. १९६७ साली बीटल्स या ब्रिटिश चमूने 'आय ॲम द वॉलरस' या गीतात बीबीसीच्या रेडिओवर त्या वेळी चालू असलेल्या शेक्सपिअरच्या 'किंग लियर' नाटकाचे संवाद मिसळले. १९७३ साली पिंक फ्लॉइड या चमूने 'द डार्क साइड ऑफ द मून' या ध्वनिमुद्रिकेसाठी स्टुडिओतील माणसांना मृत्यू, वेड, मारामारी अशा विषयांवर प्रश्न विचारले व त्यांची उत्तरे गीतांच्या मधून पेरली. त्यांत स्टुडिओच्या दारवानाचाही आवाज आहे. या माणसांना आपण कशासाठी बोलत आहोत हे ठाऊक होते, ही गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे.

१९७९ साली ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या फेअरलाइट या यंत्रामुळे आवाज संगणकात साठवून कळफलकावर वाजविणे शक्य झाले. ते यंत्र अतिशय महाग होते. परंतु १९८० नंतरच्या दशकात त्याहून स्वस्त यंत्रे बाजारात आली आणि ज्याच्या हाती यंत्र त्याच्या हाती कोणाचाही आवाज, अशी स्थिती निर्माण झाली.

डॅनियल हॅमचा आवाज

रॉक संगीताच्या बाहेर घडलेला, परंतु त्यावर दूरगामी परिणाम करणारा एक प्रयोग येथे पाहणे आवश्यक आहे. १९६४ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतील सहा तरुणांवर एका दुकानदार स्त्रीच्या खुनाचा आरोप ठेवण्यात आला. ते 'हार्लेम सिक्स' या नावाने ओळखले जातात. त्यांच्यापैकी डॅनियल हॅम याला त्यापूर्वी पोलीस ठाण्यात बेदम मारहाण झाली होती. ज्यांच्या अंगातून रक्त वाहत असेल त्यांनाच पोलीस रुग्णालयात नेत होते. म्हणून आपल्या अंगावर साकळलेली जखम दाबून आपण रक्त बाहेर काढले, असे त्याने ध्वनिफितीवर सांगितले आहे. १९६५ साली या सहा जणांना जन्मठेप झाली. १९६८ साली वरच्या न्यायालयाने ती रद्द केली.

त्यांच्या बचावासाठी झटणारे लेखक ट्रुमन नेल्सन यांनी या मुलाखतींच्या फिती संगीतकार स्टीव्ह राइश यांना दिल्या. निधीसाठी १९६६ साली न्यूयॉर्कच्या टाऊन हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमाकरिता राइश यांनी हॅमच्या कथनातील काही थोडे शब्द घेऊन 'कम आऊट' ही रचना तयार केली. तोच तुकडा दोन फितींवर एकाच वेळी सुरू होतो, हळूहळू एक फीत दुसरीच्या मागे पडते, मग दोनांचे चार आणि चारांचे आठ आवाज होतात. सुमारे तेरा मिनिटांच्या अखेरीस शब्द नाहीसे होऊन केवळ नाद उरतो.

या रचनेविषयी दोन मते संभवतात. एक असे, की अन्यायाच्या साक्षीचा हा पुनरुच्चार ऐकणाऱ्याच्या मनावर घणासारखा पडतो. दुसरे असे, की पोलिसांनी ज्याच्या शरीरावर आघात केला त्याच्या वाणीतून अर्थच काढून घेतला गेला. रक्ताची साक्ष हा एक नादविशेष होऊन बसला. आमच्या मते दोन्ही मतांत तथ्य आहे. पहिल्या मिनिटाला पहिले मत खरे वाटते आणि शेवटच्या मिनिटाला दुसरे. पुढील काळात ही रचना ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने जगभर गेली. राइश यांचे नाव संगीताच्या अभ्यासक्रमांत आले. हॅमचे नाव मात्र बहुतेक ठिकाणी एका वाक्यापुरतेच येते.

मॅल्कम एक्स आणि व्यक्तिपूजेचे गीत

रॉक संगीताचा पाया कृष्णवर्णीयांनी घातला. सिस्टर रोझेटा थार्प, चक बेरी, लिटल रिचर्ड ही नावे त्याची साक्ष देतात. असे असूनही १९८० नंतरच्या दशकात हे संगीत गोऱ्यांचे मानले जाऊ लागले आणि कृष्णवर्णीय वादकाने रॉक वाजविणे हाच अपवाद ठरू लागला. या अन्यायाविरुद्ध १९८५ साली न्यूयॉर्क येथे ब्लॅक रॉक कोअलिशन ही संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी एक, गिटारवादक व्हर्नन रीड, यांचा चमू म्हणजे लिव्हिंग कलर. या चमूने १९८८ साली 'कल्ट ऑफ पर्सनॅलिटी' म्हणजे 'व्यक्तिपूजा' हे गीत प्रसिद्ध केले. १९९० साली त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

या गीताच्या आरंभी एकही वाद्य वाजत नाही. ऐकू येतो तो मॅल्कम एक्स यांचा आवाज. १० नोव्हेंबर १९६३ रोजी डेट्रॉइट येथे तळागाळातील कार्यकर्त्यांपुढे त्यांनी दिलेल्या भाषणातील तो तुकडा आहे. उरलेल्या थोड्या वेळात सर्वांना सहज समजेल अशा भाषेत, जमिनीवर उभे राहून बोलू या, अशा आशयाचे ते शब्द आहेत. त्यानंतर गिटार गर्जते. पुढे अध्यक्ष केनेडी यांच्या १९६१ च्या शपथविधीच्या भाषणाचा तुकडा येतो आणि शेवट अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३३ साली भीतीविषयी काढलेल्या प्रसिद्ध उद्गारांनी होतो. गीताच्या मुख्य भागात मुसोलिनी, स्टॅलिन, केनेडी आणि गांधी ही नावे एकाच दमात घेतली आहेत. गीताचा आशय असा, की पूजनीय पुरुष चांगला असो वा वाईट, अनुयायांचे डोळे मिटविण्याची व्यक्तिपूजेची रीत एकच असते.

यात एक विरोध आहे आणि तोच या गीताचा गाभा आहे. व्यक्तिपूजेविरुद्धच्या गीताला आरंभीच एका महापुरुषाचा आवाज का लागतो? मॅल्कम यांच्या आवाजाचा अंगावर येणारा प्रभाव हे गीत वापरते आणि त्याच क्षणी ऐकणाऱ्याला सावध करते की, अशा आवाजाने भारून जाऊ नकोस. निवडलेला तुकडाही विचार करण्याजोगा आहे. मॅल्कम यांची शेकडो जळजळीत वाक्ये उपलब्ध असताना येथे घेतले आहे ते सर्वांना समजेल अशा भाषेत बोलण्याविषयीचे वाक्य. त्यात आज्ञा नाही आणि घोषणाही नाही. वक्ता श्रोत्यांच्या पातळीवर उतरून बोलू इच्छितो, एवढेच त्यात आहे.

येथे पालीच्या वाचकाला चुल्लवग्गातील एक कथा आठवल्याशिवाय राहणार नाही. ब्राह्मण कुळातून आलेल्या, सुस्वर वाणी असलेल्या दोन भिक्षूंनी बुद्धवचन छंदात, म्हणजे वैदिक थाटाच्या भाषेत, बसविण्याची परवानगी मागितली. भगवंतांनी ती नाकारली व धम्म 'सकाय निरुत्तिया' शिकावा असे सांगितले. या दोन शब्दांच्या अर्थाविषयी अट्ठकथा आणि आधुनिक पंडित यांच्यात मतभेद आहेत. परंतु वाणी मूठभरांच्या मालकीची होऊ नये हा त्यामागील हेतू निर्विवाद आहे. डेट्रॉइटच्या सभेतील ते वाक्य याच जातकुळीचे आहे.

बाबासाहेबांनी व्यक्तिपूजेचा प्रश्न दोन वेळा विस्ताराने मांडला. जानेवारी १९४३ मध्ये पुणे येथे रानडे, गांधी व जीना यांच्यावर केलेल्या भाषणात त्यांनी थोर पुरुषाविषयीचा आदर आणि त्याच्यापुढे बुद्धी गहाण टाकणे यांत भेद केला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी जॉन स्टुअर्ट मिलचा हवाला देऊन सांगितले की, धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, परंतु राजकारणातील भक्ती अधःपाताकडे व अखेरीस हुकूमशाहीकडे नेते. कालामांना भगवंतांनी दिलेला उपदेशही असाच आहे. श्रमण आपला गुरू आहे एवढ्याच कारणाने त्याचे म्हणणे स्वीकारू नका, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. लिव्हिंग कलरच्या वादकांनी हे ग्रंथ वाचले होते असे आम्ही सुचवीत नाही. पीडितांच्या चळवळींना जगभर एकाच धोक्याला तोंड द्यावे लागते, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

गीतस्वराचे पाच दोष

त्याच चुल्लवग्गात आणखी एक प्रसंग आहे. छब्बग्गिय भिक्षू धम्म लांबविलेल्या गीतस्वरात गाऊ लागले. लोकांनी नापसंती दर्शविली. तेव्हा भगवंतांनी तशा गाण्याचे पाच दोष सांगितले. गाणारा स्वतःच त्या स्वरात आसक्त होतो; ऐकणारेही आसक्त होतात; गृहस्थ टीका करतात; स्वर साधण्याच्या नादात समाधीचा भंग होतो; आणि पुढची पिढी तेच अनुकरण करते. त्यानंतर भिक्षूंना सरभञ्ञाविषयी, म्हणजे सस्वर पठणाविषयी, शंका आली, तेव्हा भगवंतांनी त्याला मात्र अनुमती दिली. अर्थात, विनयाचा विरोध स्वराला नाही. अर्थाला गिळणाऱ्या स्वराला तो आहे.

हा नियम भिक्षूंसाठी आहे, तो रॉक वादकांना लागू नाही, हे उघड आहे. परंतु कसोटी म्हणून तो मोलाचा आहे. 'कम आऊट' मध्ये स्वराने अर्थ गिळला. 'कल्ट ऑफ पर्सनॅलिटी' मध्ये वाणीखंड एकदाच, पूर्ण वाक्याच्या रूपाने व वाद्याविना येतो, म्हणून अर्थ शाबूत राहतो. ज्या वाणीखंडानंतर ऐकणाऱ्याला मूळ भाषण शोधावेसे वाटते, तो वाणीखंड सरभञ्ञाच्या जवळचा. ज्यानंतर केवळ तोच नाद पुन्हा ऐकावासा वाटतो, तो गीतस्वराच्या जवळचा, असे आम्ही म्हणू.

अदिन्नादान आणि दान

आता मालकीचा प्रश्न. १९८१ साली ब्रायन ईनो व डेव्हिड बर्न यांनी 'माय लाइफ इन द बुश ऑफ घोस्ट्स' ही ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात बहुतेक ठिकाणी गायकाऐवजी रेडिओवरील ख्रिस्ती प्रवचनकारांचे व अरब गायिकांचे मुद्रित आवाज आहेत. एका रचनेत कुराणाचे पठण वापरले होते. ब्रिटनमधील एका इस्लामी संस्थेने आक्षेप घेतल्यावर पुढील आवृत्त्यांतून ती रचना काढून टाकण्यात आली. पवित्र पठणाकडे केवळ एक आकर्षक नाद म्हणून पाहिले गेले, हा त्या आक्षेपामागील मुद्दा आहे.

१७ डिसेंबर १९९१ रोजी न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने परवानगीशिवाय वापरलेल्या गीतखंडाबद्दल रॅप गायक बिझ मार्की व त्याच्या कंपनीविरुद्ध निर्णय दिला. न्यायाधीश डफी यांनी निकालाचा आरंभ बायबलमधील चोरी न करण्याच्या आज्ञेने केला. त्यानंतर अमेरिकेत प्रत्येक तुकड्यासाठी आगाऊ परवानगी घेण्याची पद्धत रूढ झाली.

आपल्या पंचशीलातील दुसरे शील याच विषयाचे आहे. परंतु 'चोरी' आणि 'अदिन्नादान' यांत सूक्ष्म भेद आहे. अदिन्न म्हणजे न दिलेले. अट्ठकथांनी या दोषाची पाच अंगे सांगितली आहेत: वस्तू परक्याची असणे, ती परक्याची आहे याची जाणीव असणे, चोरण्याचे चित्त, त्यासाठी केलेला प्रयत्न आणि त्या प्रयत्नाने ती नेली जाणे. न्यायालयाचा कायदा प्रामुख्याने स्वामित्व हक्क कोणत्या कंपनीचा एवढेच विचारतो. शील त्याआधीचा प्रश्न विचारते: ज्याची वस्तू त्याने ती दिली काय? हॅमच्या फिती निधीच्या सत्कार्यासाठी दिल्या गेल्या, राइश यांचे चित्त चोराचे नव्हते, म्हणून तेथे अदिन्नादान घडले असे म्हणता येणार नाही. तथापि फीत देणारा एक आणि वाणी दुसऱ्याची, ही अडचण तेथे उरतेच.

याच्या उलट उदाहरणेही आहेत. १९८३ साली ढोलवादक कीथ लब्लांक यांनी मॅल्कम यांच्या भाषणांच्या तुकड्यांवर 'नो सेल आऊट' ही ध्वनिमुद्रिका केली. ती मॅल्कम यांच्या पत्नी बेटी शबाझ यांच्या संमतीने निघाली आणि तिच्यावर कलाकार म्हणून मॅल्कम यांचेच नाव घातले गेले. १९९४ साली बीस्टी बॉइज या अमेरिकन चमूने तिबेटी भिक्षूंच्या पठणाचा दोन रचनांत उपयोग केला. त्यांपैकी एकीचे नाव 'बोधिसत्त्व व्हाऊ' म्हणजे बोधिसत्त्वाची प्रतिज्ञा असे आहे. या चमूतील ॲडम यॉक यांनी पुढे बौद्ध धम्म स्वीकारला. या रचनांचे मानधन तिबेटींच्या कार्याला द्यावे या विचारातून मिलारेपा फंड ही संस्था उभी राहिली आणि तिने जून १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे तिबेटच्या स्वातंत्र्यासाठी मोठी संगीतसभा भरविली. तिबेटी परंपरेतील तंत्रमार्गाविषयी आमचे मतभेद वाचकांना ठाऊक आहेत. परंतु घेतलेल्या वाणीचे ऋण मानून ते फेडण्याचा हा प्रयत्न स्तुत्य आहे. अदिन्नाचे दिन्नात रूपांतर करण्याचा तो मार्ग आहे.

आपल्या घरचा प्रश्न

बाबासाहेबांच्या आवाजाची मुद्रणे फारच थोडी उपलब्ध आहेत. १९५५ साली बीबीसीने घेतलेली मुलाखत त्यांत प्रमुख होय. ज्या महापुरुषाने आयुष्यभर हजारो सभांतून भाषणे केली, त्याचा आवाज आपल्यापर्यंत काही मिनिटांच्या रूपाने आला आहे. म्हणूनच त्याचे मोल अधिक आणि जबाबदारीही अधिक. आज तो आवाज कोणालाही कापता येतो, त्यावर ताल चढविता येतो. एवढेच नव्हे, तर अलीकडच्या काळात संगणकाच्या साहाय्याने दिवंगत व्यक्तीच्या आवाजात तिने कधीही न उच्चारलेली वाक्ये वदविणेही शक्य झाले आहे.

तरुणांनी नव्या संगीतात बाबासाहेबांची वाणी आणू नये असे आमचे म्हणणे नाही. शाहिरांनी जे ढोलकीवर केले तेच नवी पिढी तिच्या वाद्यांवर करील, आणि तिने तसे केलेही पाहिजे. आमचा आग्रह एवढाच, की भाणकांनी जी दक्षता घेतली तिचा विसर पडू नये. महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांनी चार महापदेस सांगितले आहेत. कोणी म्हणेल, हे वचन मी प्रत्यक्ष भगवंतांकडून ऐकले, संघाकडून ऐकले, बहुश्रुत थेरांकडून ऐकले अथवा एका विद्वान थेराकडून ऐकले. तरी त्याचे एकदम अभिनंदनही करू नये व त्याचा धिक्कारही करू नये. ते वचन सुत्ताशी ताडून पाहावे, विनयाशी जुळवून पाहावे. जुळले तर स्वीकारावे, न जुळले तर सोडून द्यावे.

ध्वनिमुद्रित वाणीच्या युगात याचा अर्थ असा होतो, की बाबासाहेबांच्या नावाने कानी पडणारा प्रत्येक तुकडा त्यांच्या समग्र लेखन-भाषणांशी ताडून पाहिला पाहिजे. जो संगीतकार तो वापरील त्याने भाषणाचे स्थळ व साल सांगावे. वाक्य अर्धवट तोडू नये. मिळकत झाली तर तिचा वाटा समाजाच्या शिक्षणकार्याला द्यावा. आणि आपल्या विहारांनी हे थोडे मुद्रण संपूर्ण स्वरूपात, स्थळ-काळाच्या नोंदीसह जतन करून तरुणांना ऐकण्यासाठी उपलब्ध ठेवावे. संपूर्ण भाषण हाताशी असेल तरच तुकड्याची परीक्षा करता येईल. आपल्या संस्थांनी हे काम येत्या वर्षावासापासून हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे.